ब्रेस्ट कॅन्सर आणि एआय : स्वीडनमध्ये जमलं, मग मावशीच्या शिबिरात काय चुकलं?

नवरात्रात मावशीच्या गावी महिला मंडळाने आरोग्य शिबिर ठेवलं होतं. त्याचं पत्रक मावसभावाने मला व्हॉट्सॲपवर पाठवलं. गुलाबी रंग, कोपऱ्यात रोबोटचा हात आणि मोठ्या अक्षरांत : 'एआयद्वारे स्तन तपासणी. स्पर्श नाही, वेदना नाही, रेडिएशन नाही. अचूकता ९९%. रिपोर्ट लगेच.' खाली त्याचा मेसेज : "ताई, भारी आहे ना? आईला पाठवतो."

तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी टेकवर लिहिते म्हणून घरातले असले प्रश्न माझ्याकडे येतात. त्या दिवशी मी घाईत होते. अंगठ्याचा इमोजी टाकला आणि विसरून गेले.

मावशी शिबिराला गेली. थोड्याच वेळात मोबाइलवर रिपोर्ट आला, हिरव्या चौकटीत 'लो रिस्क' लिहिलेला. घरात सगळे निवांत.

जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने माझ्या आईला हळूच स्वयंपाकघरात नेलं आणि सांगितलं, डाव्या बाजूला गाठ लागते. कधीपासून? गणपतीपासून. म्हणजे शिबिराच्याही आधीपासून. मग शिबिरात सांगितलं का नाहीस? त्यावर मावशीचं उत्तर मला अजून तसंच्या तसं आठवतं : "मशीनला कळलं असतं ना. मी कशाला सांगू? आणि मशीन तर म्हणालं, काही नाही."

पुढच्या आठ-दहा दिवसांत सोनोग्राफी, मॅमोग्राफी, बायोप्सी सगळं झालं. कॅन्सर निघाला. उपचार चालू आहेत, ती नेटाने घेतेय. मधल्या चार महिन्यांनी काही फरक पडला का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, याचं उत्तर कुणालाच देता येणार नाही, आता पुढचं बघा.

त्याच सुमारास माझ्या फीडवर बातम्या झळकत होत्या : स्तनाच्या कॅन्सरच्या तपासणीत एआय डॉक्टरांच्या बरोबरीने, किंबहुना सरस. 'द लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आलेले. बातमी खोटी नव्हती. मी मूळ निकाल वाचले, ते खरोखर चांगले आहेत. म्हणजे 'एआयने ब्रेस्ट कॅन्सरची तपासणी' हे चार शब्द स्वीडनमध्ये एका अर्थाने खरे ठरले आणि आमच्या घरात त्याच चार शब्दांनी घात केला. हे कसं काय? मावशीला विचारूनच लिहितेय. "माझं नाव घालू नकोस, बाकी सगळं लिही," म्हणाली.

स्वीडनमध्ये नेमकं काय केलं?

आधी तिथली व्यवस्था समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. स्वीडनमध्ये ४० ते ७४ वयाच्या प्रत्येक बाईला दीड-दोन वर्षांनी मॅमोग्राफीचं बोलावणं घरी येतं. तपासणी मोफत. मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा खास एक्स-रे : दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबून धरतात आणि प्रत्येक बाजूचे दोन असे साधारण चार फोटो काढतात. मग दोन रेडिओलॉजिस्ट एकमेकांचं न बघता ते फोटो तपासतात. एकाच्या नजरेतून सुटलं तर दुसऱ्याला दिसावं, हा हेतू.

आता हिशोब करा. हजार बायकांमागे पाच-सहा जणींनाच कॅन्सर सापडतो. बाकी सगळे फोटो ठीक असतात, पण तेही दोन-दोन डॉक्टरांना बघावे लागतात. अख्खा दिवस राखाडी ढग बघत बसायचं आणि त्यातला एखादाच खरा. युरोपात या कामाला रेडिओलॉजिस्ट पुरत नाहीत. एआय आणलं ते या दुखण्यावर.

लुंड विद्यापीठाच्या क्रिस्टिना लाँग यांच्या नेतृत्वाखाली 'मसाई' नावाची चाचणी झाली. २०२१ आणि २०२२ मध्ये दक्षिण स्वीडनमधल्या एक लाखाहून जास्त बायकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. एका गटाचे फोटो नेहमीसारखे दोन डॉक्टरांनी बघितले. दुसऱ्या गटाचे फोटो आधी 'ट्रान्सपारा' नावाच्या सॉफ्टवेअरने बघितले आणि प्रत्येकाला १ ते १० असा धोक्याचा आकडा दिला. १ ते ९ आला तर एकच डॉक्टर बघणार, १० आला तर दोघं. शिवाय संशयाच्या जागेवर सॉफ्टवेअर खूण करून देणार. लक्षात घ्या, दोन्ही गटांत प्रत्येक बाईचा फोटो निदान एका माणसाने बघितलाच. 'एआयने तपासलं' या बातमीतून नेमकी हीच ओळ गळते.

निकाल असे : एआय असलेल्या गटात ३३८ कॅन्सर सापडले, नसलेल्या गटात २६२. म्हणजे हजारी ६.४ विरुद्ध ५. विनाकारण घाबरवून परत बोलावण्याचं प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं. आणि फोटो वाचण्याचं काम १,०९,६९२ वरून ६१,२४८ वाचनांवर आलं, म्हणजे ४४ टक्क्यांनी कमी.

पण जास्त सापडले म्हणजे चांगलंच झालं, असं धरून चालत नाही. काही कॅन्सर इतके संथ असतात की ते सापडले नसते तरी त्या बाईचं काही बिघडलं नसतं. सापडल्यावर मात्र ऑपरेशन, औषधं, धास्ती हे सगळं मागे लागतं. म्हणून संशोधक दुसरा एक आकडा बघत होते. तपासणीत 'ठीक आहे' असं सांगितलं आणि पुढचं बोलावणं येण्याआधीच कॅन्सर निघाला, अशा किती जणी? हे सुटलेले कॅन्सर बहुतेकदा वेगाने वाढणारे असतात, त्यामुळे खरी परीक्षा इथे होती. २०२६ च्या जानेवारीत आलेली बातमी याच आकड्याची. एआय गटात हजारी १.५५, दुसऱ्या गटात १.७६. फरक लहान आहे आणि चाचणी मुळात 'काम कमी करून तपासणी वाईट तर होत नाही ना' हे बघायला आखलेली होती. वाईट झाली नाही, हा या निकालाचा सरळ अर्थ.

जर्मनीतून २०२५ मध्ये आलेला अभ्यास याहून मोठा होता : ४,६३,०९४ बायका, ११९ रेडिओलॉजिस्ट. तिथेही एआय वापरलं तिथे जास्त कॅन्सर सापडले, हजारी ६.७ विरुद्ध ५.७. फक्त तिथे चिठ्ठ्या नव्हत्या, एआय वापरायचं की नाही हे डॉक्टरच ठरवत होते. त्यातली एक सोय मला आवडली. डॉक्टरने 'ठीक' म्हणून फोटो बाजूला सारला आणि सॉफ्टवेअरला तो फार संशयास्पद वाटला, तर ते टोकतं : पुन्हा एकदा बघता का? ब्रिटनने आणखी मोठी, सुमारे ७ लाख बायकांची चाचणी २०२५ मध्ये जाहीर केली आहे.

पत्रकावरचे ९९ टक्के

आता आपल्या पत्रकाकडे येऊ. 'अचूकता ९९%' वाचून तुम्हालाही वाटलं असेल, अजून काय पाहिजे?

समजा मी एक ॲप बनवलं. कुठलाही फोटो टाका, ते एकच उत्तर देतं : 'काही नाही, ठीक आहे.' आत कोडची एक ओळ, बस्स. हजार बायकांनी ते वापरलं. त्यांपैकी सहा जणींना कॅन्सर आहे, ९९४ जणींना नाही. माझं ॲप ९९४ वेळा बरोबर ठरलं. अचूकता ९९.४%! आणि एकही कॅन्सर सापडला नाही.

म्हणून 'अचूकता' हा आकडा इथे जवळजवळ निरुपयोगी आहे. विचारायचं असतं ते वेगळं : खरोखर कॅन्सर असलेल्या शंभर जणींपैकी किती पकडल्या? मसाईत, एवढ्या नेटक्या व्यवस्थेत, एआय आणि डॉक्टर मिळून ८०.५% पकडल्या गेल्या. एआयशिवाय ७३.८%. जगातल्या सर्वांत मोठ्या, सर्वांत काटेकोर चाचण्यांपैकी एकीतही पाचातली एक सुटली. मग पत्रकवाल्यांकडे ९९ कुठून आले? कशाचे ९९, किती बायकांवर, कशाशी ताडून, यांपैकी काहीही पत्रकावर नव्हतं. मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही.

दुसरी गोष्ट तर मी पत्रकावरूनच ओळखायला हवी होती. 'स्पर्श नाही, वेदना नाही, रेडिएशन नाही' म्हणजे ती मॅमोग्राफी नव्हतीच. उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा होता. कॅन्सरच्या गाठीला रक्तपुरवठा जास्त, म्हणून त्या भागातली त्वचा थोडी गरम, असं यामागचं तत्त्व. कल्पना काही वेडगळ नाही. अंगाला हात लागत नाही, फार दाबत नाही, मशीन गाडीत घालून कुठेही नेता येतं, त्यामुळे आपल्याकडे त्यावर संशोधनही चालतं. पण थर्मोग्राफी मॅमोग्राफीच्या जागी वापरू नका, असा स्पष्ट इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०१९ मध्ये दिलेला आहे. आणि मसाईच्या तोडीची चाचणी तिच्या मागे उभी नाही. तेव्हा स्वीडनच्या एआयने कमावलेली पत गावच्या शिबिरातल्या कॅमेऱ्याच्या नावावर जमा करता येत नाही. दोन्हींवर 'एआय' हेच लेबल लागतं, गोंधळ होतो तो तिथे. क्रिकेटची बॅट आणि कपडे धुवायचं धोपाटणं दोन्ही लाकडाचीच असतात.

तरी मला खरी चूक कॅमेऱ्याची वाटत नाही. मावशीच्या छातीत गाठ होती, ती तिच्या हाताला लागत होती, आणि शिबिरात कुणीही तिला विचारलं नाही : "ताई, कुठे गाठ लागते का?" एवढा एक प्रश्न. त्याला ना कॅमेरा लागतो ना सर्व्हर.

स्क्रीनिंग हा शब्द कानावर सारखा येतो, पण त्याचा अर्थ सांगायचा राहून जातो. ज्यांना काहीही त्रास नाही त्यांच्यासाठी स्क्रीनिंग असतं. गाठ लागली, निपलमधून रक्त आलं, त्वचेला खळी पडली किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसायला लागली, तर स्क्रीनिंगचा विषय संपला. तिथून पुढे डॉक्टर, त्यांचा हात, सोनोग्राफी-मॅमोग्राफी आणि गरज वाटली तर बायोप्सी. एआयने 'लो रिस्क' म्हटलं तरी. मॅमोग्राफी नॉर्मल आली तरी. वरचे पाचातली एक सुटल्याचे आकडे आठवा.

मशीन बोललं की माणूस गप्प होतो

"मशीनला कळलं असतं ना," हे फक्त मावशीच म्हणते असं नाही. डॉक्टरही तेच करतात, फक्त तोंडाने म्हणत नाहीत.

२०२३ मध्ये 'रेडिओलॉजी' या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. २७ रेडिओलॉजिस्टना ५० मॅमोग्राम दिले आणि सोबत एआयचं मत दिलं. काही ठिकाणी ते मत मुद्दाम चुकीचं ठेवलं होतं. एआय बरोबर होतं तेव्हा नवखे डॉक्टर सुमारे ८०% वेळा बरोबर. एआय चुकीचं होतं तेव्हा तेच डॉक्टर जेमतेम २०% वेळा बरोबर. मुरलेल्या डॉक्टरांचीही घसरगुंडी झाली, ८२ वरून ४५ वर. डोळ्यांसमोर फोटो तोच, ज्ञान तेच, पण बाजूला एक आकडा चमकला की आपल्या डोळ्यांवरचा विश्वास डळमळतो. गूगल मॅप सांगतो म्हणून समोर दिसणाऱ्या बंद रस्त्यावर गाडी घालणारे आपणच ना!

आणि हा तमाशा एकदा होऊन गेलाय. अमेरिकेत १९९८ मध्ये एफडीएने मॅमोग्राम वाचायला मदत करणाऱ्या पहिल्या कॉम्प्युटर प्रणालीला परवानगी दिली. विम्यातून पैसे मिळायला लागले आणि हां हां म्हणता ती बहुतेक केंद्रांत पोहोचली. २०१५ मध्ये ३,२३,९७३ बायकांचे रेकॉर्ड तपासल्यावर कळलं की तिच्यामुळे कॅन्सर सापडण्यात काहीच सुधारणा झालेली नाही. तोवर त्यावर वर्षाला ४० कोटी डॉलरहून जास्त खर्च होत होता. आजचं एआय त्या जुन्या प्रणालीपेक्षा फार पुढचं आहे. त्या प्रणालीला 'पांढरे ठिपके शोध' असे नियम माणसांनी शिकवले होते. आजची प्रणाली लाखो जुने मॅमोग्राम आणि त्या बायकांचं पुढे काय झालं ते पाहून स्वतःच खुणा शिकते. म्हणून मसाईसारख्या चाचणीला मी एवढं महत्त्व देते : आधी वापर आणि मग पुरावा, हा उलटा क्रम यावेळी टाळला गेला, निदान युरोपात तरी.

मुंबईत हातांनी केलेला प्रयोग

आता आपल्या अंगणात येऊ. मला वाटतं हा भाग तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकला नसेल, मीही उशिराच वाचला.

१९९८ मध्ये, म्हणजे अमेरिकेत ते सॉफ्टवेअर आलं त्याच वर्षी, मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग सुरू केला. वस्त्यांमध्ये राहणाऱ्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका. मॅमोग्राफी नाही. निदान दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्री आरोग्यसेविका निवडल्या, त्यांना काही आठवडे शिकवलं, आणि अर्ध्या वस्त्यांमध्ये त्यांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, बायकांचे स्तन हाताने तपासले. बाकीच्या वस्त्यांत कॅन्सरची माहिती दिली. मग वीस वर्षं पाठपुरावा.

निकाल २०२१ मध्ये 'बीएमजे'त आले. तपासलेल्या वस्त्यांत तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात पोहोचलेले कॅन्सर ३७%, दुसरीकडे ४७%. मृत्यूंचं बोलायचं तर सगळ्या वयोगटांचे मिळून १५% कमी दिसले, पण तो फरक योगायोगाचाही असू शकतो इतका. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये मात्र मृत्यू जवळपास ३०% कमी, आणि तो पक्का. पन्नाशीच्या आत असा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं.

थोडं थांबून विचार करा. एआयमुळे ब्रेस्ट कॅन्सरने होणारे मृत्यू कमी होतात, हे अजून कुठेच सिद्ध व्हायचं आहे. त्याला वर्षं लागतील, मुंबईलाही वीस लागलीच. पण वस्तीतल्या ताईच्या हातांनी, तेही पन्नाशीच्या पुढे, मृत्यू कमी झाल्याचा पुरावा आपल्याच शहरात तयार होऊन पडलाय. त्याचं रील कुणी बनवलं नाही. गुलाबी पत्रकावर रोबोटचा हात छापला जातो, आरोग्यसेविकेचा नाही.

सरकारदरबारी नियम नाहीत असंही नाही. ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी करायची, असा केंद्राचा कार्यक्रम २०१६ पासून कागदावर आहे. आणि २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या किती भारतीय बायकांनी स्तनाची तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घेतल्याचं सांगितलं? ०.९%. शंभरात एकही नाही. दुसरीकडे २०२२ सालचा जागतिक अंदाज म्हणतो, भारतात त्या एका वर्षात सुमारे १,९२,००० बायकांना हा कॅन्सर झाला आणि सुमारे ९८,००० दगावल्या.

स्वीडनचं दुखणं आहे : फोटो भरपूर, बघणारे कमी. आपलं दुखणं आहे : फोटो काढायला बाईच आलेली नाही. तिला कुणी बोलावलं नाही, तालुक्याच्या गावात मॅमोग्राफीचं मशीन सहसा नाही, आणि गाठ लागली तरी घरातलं सगळं निस्तरून होईपर्यंत ती अंगावर काढते. शिवाय आपल्याकडे हा कॅन्सर युरोपच्या मानाने लवकरच्या वयात होतो. कमी वयात स्तनाची ऊती दाट असते, ती एक्स-रेत पांढरी दिसते, गाठही पांढरीच. युरोपातल्या फोटोंवर शिकलेलं एआय आपल्या चाळिशीतल्या बायकांच्या फोटोंवर तितकंच चालेल, हे गृहीत धरता येत नाही. इथल्या फोटोंवर तपासूनच बघावं लागेल.

म्हणजे आपल्याकडे एआयचा उपयोगच नाही? नाही, असं मला म्हणायचं नाही. टीबीचं उदाहरण घ्या. मुंबईच्या क्यूर डॉट एआयसारख्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर छातीचा एक्स-रे वाचून टीबीचा संशय सांगतं, आणि अशा सॉफ्टवेअरला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. ते जमलं, कारण साखळीतल्या बाकीच्या कड्या हजर होत्या : एक्स-रे मशीन गावापर्यंत नेता येतं, संशय आला तर थुंकीची तपासणी आहे, टीबी निघाला तर गोळ्या फुकट आहेत. मधला वाचणारा डॉक्टर तेवढा नव्हता. नेमक्या त्या जागी एआय बसवलं.

ब्रेस्ट कॅन्सरमध्ये आपल्याकडे तशी जागा जिल्ह्याच्या ठिकाणी सापडू शकते, जिथे मॅमोग्राफीचं मशीन आहे पण तज्ज्ञ रेडिओलॉजिस्ट रोज नाही. तिथे एआयने गठ्ठ्यातून संशयास्पद फोटो वर काढून दिले तर दोन महिन्यांचा रिपोर्ट दोन दिवसांत येईल. पण त्यानंतर बायोप्सी कोण करणार, तिला शहरात कोण नेणार, त्या दिवसाची मजुरी बुडेल त्याचं काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, पण योजना निदानानंतर कामाला येते. गाठ लागल्यापासून निदानापर्यंतचा रस्ता बाईने स्वतःच्या पायांनी आणि पैशांनी चालायचा असतो. कुठलंही शिबिर जोखायचं असेल तर मी आता एकच गोष्ट विचारते : इथे संशय निघाला तर पुढची तपासणी कुठे, कुणी ठरवून दिली आहे? उत्तरादाखल नुसता फोन नंबर मिळाला, तर ते शिबिर नव्हे, जाहिरात.

रिपोर्टचा फोटो चॅटबॉटला टाकू का?

मावसभावाने टाकला होता. बायोप्सीच्या आधी, मॅमोग्राफीच्या फिल्मचा फोटो. एकट्याला दोष देत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये खुद्द इलॉन मस्कने लोकांना एक्स-रे, एमआरआय 'ग्रोक'ला दाखवायला सांगितलं होतं.

तर, चित्र टाकू नका. मूळ डिजिटल मॅमोग्राममध्ये राखाडी रंगाच्या हजारो छटा असतात आणि डॉक्टर तो खास मॉनिटरवर बघतात. तुम्ही खिडकीला फिल्म लावून फोनने काढलेल्या जेपीजीत जास्तीत जास्त २५६ छटा उरतात, वर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. ज्या बारीक ठिपक्यांवरून निदान होतं तेच पुसले जातात. आणि मसाईत वापरलेलं सॉफ्टवेअर मॅमोग्रामसाठीच बनवलेलं होतं. तुमचा चॅटबॉट ईमेल लिहितो, रेसिपी सांगतो आणि मॅमोग्रामवरही त्याच आत्मविश्वासाने बोलतो.

रिपोर्टमधले शब्द समजून घ्यायला मात्र खुशाल वापरा, पण नाव, फोन नंबर, हॉस्पिटलचा नोंदणी क्रमांक झाकून. खरं तर रिपोर्टमध्ये आधी 'बायरॅड्स' हा आकडा शोधा. ० म्हणजे तपासणी अपुरी, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी हवी. १ आणि २ म्हणजे काळजीचं काही दिसलं नाही. ३ म्हणजे बहुधा साधंच, पण सहसा सहा महिन्यांनी परत बघायचं, आणि ते विसरायचं नाही. ४ किंवा ५ म्हणजे बायोप्सी, आणि ती याच आठवड्यात ठरवा, लग्नसराई संपल्यावर नाही. ४ म्हणजे कॅन्सरच असंही नाही. त्यातल्या अनेक गाठी साध्या निघतात. मावशीचा ५ होता.

मावसभाऊ महिनाभर माझ्याशी नीट बोलत नव्हता. पत्रक त्याने पाठवलं होतं, अंगठा मी दाखवला होता, दोघांनाही ते ठाऊक होतं. शेवटी परवा त्याचा फोन आला. त्याच्या कॉलेजात एआयवर हॅकेथॉन आहे, त्यात काय करू? मी म्हटलं, आधी वर्गातल्या मुलांना एक काम दे. प्रत्येकाने घरी जाऊन आईला विचारायचं, कधी तपासून घेतलंस का, कुठे गाठ लागते का. तो म्हणाला, "ताई, हे कसं विचारायचं? आईला असलं विचारतात का?" मी म्हटलं, मावशीला शिबिराला जा म्हणून सांगितलंस तसंच.

मीही माझ्या आईला त्याआधी कधी विचारलं नव्हतं. आई ५८ वर्षांची आहे. तिची पहिली मॅमोग्राफी येत्या शुक्रवारी आहे. काल रात्री भांडी आवरता आवरता तिने पाठमोरीच विचारलं, "ते मशीन दाबतं म्हणे. दुखतं का गं?"

थोडं दुखतं, म्हटलं. काही सेकंद.